पाण्याच्या टाकीवरची ओळ

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला कागद आहे. माझ्यावर एका शिलालेखाचा ठसा आहे. पनवेलजवळ खाडीकाठी एक डोंगर होता आणि त्यात बौद्ध भिक्खूंची लेणी होती. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हार्टविक नावाचे एक गोरे साहेब तिथे आले. लंकेत एका भिक्खूजवळ ते पाली शिकले होते. बुद्धाविषयी मोठा ग्रंथ लिहायचा, हा त्यांचा ध्यास होता. लेण्यातल्या पाण्याच्या टाकीवर एक ओळ कोरलेली होती. साहेबांनी मला भिजवून तिच्यावर चिकटवलं, ब्रशने ठोकून खाचांत बसवलं आणि वरून शाईत बुडवलेली कापडी पुरचुंडी हलकेच टेकवत नेली. दगड काळा उमटला, अक्षरं पांढरी राहिली. साहेब मला उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत होते. इतकं कौतुक पुन्हा वाट्याला यायला फार वर्षं लागली.

साहेब पनवेलला झकेरिया नावाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडे उतरले होते. तिथे ते तापाने आजारी पडले. मायदेशी निघताना त्यांनी ग्रंथाची पानं आणि मी, सगळं एका ट्रंकेत भरून झकेरियांच्या हवाली केलं. परत येईपर्यंत सांभाळा म्हणाले. झकेरियांनी शब्द दिला. साहेब काही परतले नाहीत.

शब्द मात्र घरात राहिला. झकेरियांचा नातू दर हिवाळ्यात ट्रंक उघडायचा, आम्हाला हवा द्यायचा, कडुनिंबाचा पाला बदलायचा. तो गेल्यावर ट्रंक माळ्यावर चढली आणि विसरली गेली. मग वाळवी आली.

यंदा झकेरियांच्या घराची जुनी इमारत पाडायची ठरली, तेव्हा त्या नातवाच्या मुलीने, फरिदाने, ट्रंक खाली काढली. साहेबांच्या ग्रंथाचा भुगा झाला होता. तळाशी मी तेवढा एका कडेने कुरतडलेला उरलो होतो. तिचा भाऊ यासीन दोहाहून फोनवर म्हणाला की आता त्यात काय राहिलंय, टाकून दे. फरिदाला ते जमेना.

तिच्या मुलीने, यूम्नाने, माझा फोटो कॉलेजातल्या आशालता मॅडमना पाठवला. मॅडम रविवारी कळंबोलीच्या विहारात पालीचा वर्ग घेतात. त्या लगेच आल्या. हात धुऊन, पुसून, त्यांनी मला स्वच्छ चादरीवर पसरलं आणि बोट न लावता वाचलं.

“धम्मसिरीने दिलेली टाकी. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी.”

तो डोंगर खडीसाठी फोडून कधीच संपला, असं त्यांनी सांगितलं. या ओळीचा दुसरा ठसा त्यांच्या पाहण्यात नव्हता. मला ग्रंथालयात द्यावं, तिथे कागद दुरुस्त करणारी माणसं आहेत, अशी त्यांनी विनंती केली.

फरिदा हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, ही अमानत आहे. साहेबांची. आमच्या पणजोबांनी जबान दिलेली.”

मॅडमनी आग्रह केला नाही. त्या निघाल्या. मॅडम दारात चपला घालत असताना फरिदाने विचारलं, “ही धम्मसिरी तुमच्यातली का?”

“दोन हजार वर्षांपूर्वीची बाई, फरिदाताई. कुणातली ते कोण सांगणार? इथलीच असावी. वाटसरूंना पाणी मिळावं, एवढी तिची इच्छा.”

फरिदा माझ्याजवळ परत आली. मग तिने चादरीसकट मला उचललं आणि मॅडमच्या हातांवर ठेवलं.

“मग अमानत तिची आहे. साहेबांनी नुसती उतरवून घेतली.”

आता मी ग्रंथालयात आहे. माझी कड पातळ कागदाने सांधली आहे. विहारातल्या वर्गातल्या बाया येतात, ती ओळ सावकाश वाचतात आणि एकमेकींना धम्मसिरीचं नाव सांगतात. मी सुखात आहे.

पण मित्रांनो, साहेबांची पानं इतकी वर्षं माझ्या अंगाला अंग लावून होती. त्यांत त्यांनी बुद्धाविषयी काय लिहिलं होतं, ते आता कुणालाच वाचता येणार नाही. तुमच्या घरी माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, तर येत्या रविवारी ती खाली काढा.