शिवणीत सोडलेलं कापड

टेलरमास्तरांच्या दुकानात अख्ख्या वस्तीचे कपडे शिवले जात, एक त्यांच्या बायकोचे सोडून. तिच्या कोटाचा विषय निघाला की आधी गिऱ्हाइकाची विजार, मग त्या गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याचं जाकीट, आणि तेवढ्यात दिवस मावळायचा. लग्न झाल्यापासून ती दुकानात काज-बटणं करत बसली होती आणि अंगात मात्र बाजारातला तयार कोट घालत होती. याची तिला लाज वाटे. मास्तरांना अजिबात वाटत नसे.

म्हणून या हिवाळ्यात त्यांनी न मागता कोट शिवून दिला, तेव्हा ती हरखून गेली. आठवडा जातो न जातो तोच दुसरा आला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. तिसरा आला तसा तिनं तो उलटा करून पाहिला. मास्तर म्हणजे चिंधीसुद्धा जपून ठेवणारा चिक्कू माणूस. आणि इथे प्रत्येक शिवणीच्या आत चांगली दोन बोटं माया सोडलेली, पुढेमागे कोट सैल करता यावा म्हणून. एवढं कापड कशाला सोडलंत, असं तिनं विचारलं.

"असू दे. अंग भरलं तर कोणीही शिंपी उसवून देईल," मास्तर मशिनवरून मान वर न करता म्हणाले.

कोणीही शिंपी? घरात एक बसलेला असताना? तिनं त्यांना नीट न्याहाळलं. हल्ली त्यांचे स्वतःचे सदरेही पोटापाशी चुण्या घालून सैल शिवलेले होते. तिनं दुकानाचं दार लोटलं आणि त्यांना सदरा वर करायला लावला. बेंबीच्या उजव्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती.

ती दुखत नव्हती. पण मास्तरांचा थोरला भाऊ पोटातल्या गाठीनंच गेला होता. त्यामुळे यांनी डॉक्टरचं तोंडही न बघता स्वतःचा निकाल लावून टाकला होता, आणि बायकोला जन्मभर पुरतील एवढे कोट शिवायला बसले होते. तिच्या पायांखालची जमीन सरकली. त्याहून जास्त संताप आला.

"मरायचं ठरवलंत, तेही मला न विचारता?"

मास्तरांनी सदरा खाली ओढून नीट केला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना जवळजवळ ओढतच सोनोग्राफीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावर थंडगार जेल लावून यंत्राची मूठ फिरवली. मूठ दाबली की गाठ खाली चपटी होत होती. दिसते तर चरबीसारखी, त्या म्हणाल्या, पण पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये खोल शिरलीय आणि मागची कड नीट दिसत नाही. एमआरआय करून खात्री करू. मास्तरांनी यातलं फक्त 'खोल' तेवढं ऐकलं आणि घरी येऊन चौथा कोट बेतायला घेतला.

एमआरआयच्या खोलीत चुंबक असतं, म्हणून घड्याळ, पट्टा, किल्ल्या सगळं बाहेर ठेवायला सांगितलं होतं. मास्तरांनी ते इमानेइतबारे ठेवलं आणि दवाखान्याचा झगा घालून आले. तिथल्या तंत्रज्ञ मुलानं शेवटची तपासणी म्हणून अंगावरून यंत्र फिरवलं, तर खांद्यापाशी ते किंचाळायला लागलं. झग्याच्या खांद्यावर टाचणी होती. शिवण उसवलेली दिसली म्हणून मास्तरांनी, सवयीनं, आपल्या सदऱ्याच्या कॉलरमधली टाचणी काढून तिथे लावली होती. त्या मुलानं कपाळावर हात मारून घेतला. मास्तर ओशाळून म्हणाले, की उघडी शिवण बघवत नाही. दारात उभी असलेली बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोट धरून हसली.

चित्रं आल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. पहिल्या चित्रात कातडीखालची चरबी पांढरीशुभ्र होती आणि गाठही तितकीच पांढरी. तिनं पदराआड... नव्हे, कोटाच्या बाहीआड मास्तरांचा हात घट्ट धरला. मग बाईंनी दुसरं चित्र लावलं. यात यंत्र फक्त चरबी तेवढी विझवतं, त्यांनी सांगितलं. कातडीखालचा पांढरा पट्टा काळा झाला होता, आणि त्याच्याबरोबर सबंध गाठही. आत कुठे ठिपकाभर उजेड राहिला नव्हता.

"बघा, सगळी चरबीच. कडा स्वच्छ, आत धोक्याचे जाड पडदे नाहीत. साधी गाठ आहे. त्रास दिला तर काढू, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा बघू."

मास्तर पडद्याकडे बघतच राहिले. तिला इतका आनंद झाला, की डॉक्टरीणबाईंना मिठी मारावी की नवऱ्याला दोन धपाटे घालावेत हे तिला कळेना. या माणसाला चरबी फार, हे मी लग्नापासून सांगतेय, एवढंच ती कशीबशी म्हणाली, आणि बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले.

दुकानात परतल्यावर मास्तर शीळ घालत मशिनवर बसले आणि त्यांनी गिऱ्हाइकाची विजार पुढे ओढली. खुंटीवर चौथा कोट बाह्यांवाचून लटकत होता. तिनं तो काढला, उलटा केला आणि विजारीवर ठेवला. वर कात्री ठेवली.

"आतलं जास्तीचं कापड कापून टाका."

"अगं, पुढे अंग भरलं तर?"

"तर तुम्ही नवा शिवाल."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग कात्री उचलली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाची विजार थांबली.