दोन बोटांची खुंटी

खुंटी निघत नव्हती. नायडेनने ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली, दात आवळून वर ओढली, आणि बोटं सटकून रिकामीच वर आली. त्याने हात पाटलोणीला पुसले, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मग तो खिडकीशी गेला, तिथून दाराशी, दारातून पुन्हा बाकाशी. इस्पितळातून आल्यापासून त्याला एका जागी उभं राहणं जमतच नव्हतं.

त्याचं कामाचं बाक म्हणजे ओकची चांगली वीतभर जाड फळी. तिच्यात एका रांगेत आरपार भोकं, आणि भोकांत नासपतीच्या लाकडाच्या बुटक्या खुंट्या. कोरायचं लाकूड दोन खुंट्यांमध्ये अडकवायचं, पाचर मारायची, तेवढा भाग कोरून झाला की खुंटी उपसून पुढच्या भोकात घालायची. त्र्यावना गावात कोरीवकाम असंच चालत आलंय. खुंटी अडली की काम अडलं.

आता कोणीही म्हणेल, अडली तर खालून हातोडीने ठोक, येईल वर. पण हे त्र्यावनात बोलायची सोय नाही. नायडेनचे गुरू, उस्ता मिन्यो, यांनी सगळ्या शिष्यांच्या डोक्यात एकच गोष्ट भरवली होती: खुंटी दोन बोटांनी वर आली पाहिजे आणि आपल्या वजनाने खाली पडता कामा नये. खालून ठोकणारा तो गोठ्याचा सुतार. उस्तांना जाऊन जमाना झाला, तरी ‘गोठ्याचा सुतार’ म्हटल्यावर आजही या गावात लोक पेला खाली ठेवून भांडायला उभे राहतात.

हिवाळ्यात नायडेनला नसांचं दुखणं झालं. आधी पाय गेले, मग दोन्ही हात. गाब्रोव्होच्या इस्पितळात तो लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून राहिला. पाय परत आले. हातही आले, असं तो म्हणायचा. चमचा धरता येत होता, राकिया दारूचा पेला धरता येत होता, मूठ वळत होती. बोटांच्या टोकांना सगळं अजून लोकरीच्या हातमोज्यातून लागल्यासारखं लागायचं, पण ते काय, जाईल उन्हाळ्यापर्यंत. पटाशी मात्र त्याने अजून हातात घेतली नव्हती. आधी बाक नीट व्हायला हवं ना!

आणि रविवारी पाद्री सावा येणार होते. वरच्या आळीतल्या चर्चमधलं वेदीपुढचं लाकडी दार नव्याने कोरायचं होतं. द्राक्षाचा वेल, त्यात पक्षी. अक्रोडाची लाकडं येऊन पडली होती. काम नायडेनचंच, पण त्याला जमणार नसेल तर खालच्या आळीतल्या गेंचोला द्यावं लागेल, असं सावा फार गोड शब्दांत सांगून गेले होते. गेंचो वाईट कोरत नव्हता. नायडेनला खरं दुःख त्याचंच होतं.

“रुसाना!” त्याने हाक मारली.

त्याची बायको पिठाचे हात झाडत आली. रोजचंच झालं होतं हे. ती खुंटी दोन्ही हातांनी धरायची, बाकाच्या पायाला पाय लावायची, तोंड लालबुंद करून ओढायची, आणि शेवटी खुंटी निघायची. मग धापा टाकत म्हणायची, लाकूड फुगलंय रे, यंदा बर्फ वितळून किती ओल झालीय बघ, माझ्या कपाटाची दारंसुद्धा लागत नाहीत. नायडेनला ते पटायचं. ओल खरोखरच होती. तो काठीला पॉलिश पेपर गुंडाळून भोक घासायचा, फुंकर मारून भुसा उडवायचा, मेण चोळायचा, खुंटी आत घालून वर तळहाताने थाप मारायचा. आणि ओढायला गेला की पुन्हा बोटं रिकामी. एकदा वैतागून त्याने भोकात जवसाचं तेल ओतलं, तर लाकूड तेल पिऊन आणखीच तट्ट झालं, निदान त्याला तसं वाटलं. रात्री तो कूस बदलत पडायचा आणि सकाळी चहाआधी पुन्हा बाकाशी.

आज मात्र त्याने चष्मा लावला होता. भोकाच्या कडेचा एक तंतू उठलेला दिसला म्हणून तो फळीच्या पातळीला डोळा लावून वाकला, आणि तसाच वाकलेला असताना रुसानाने खुंटी धरली. खिडकीतून ऊन आडवं येत होतं.

रुसानाचे हात लागले मात्र, खुंटी खिळखिळ्या दातासारखी हलली. बाजूचा भुसा फटीतून खाली सांडला. फट इतकी, की रुसानाने हात सोडले असते तर खुंटी तिथेच कलंडून कडेला अडकून राहिली असती. आणि रुसाना पाय लावून, मान ताठ करून, ओठ चावून ओढत होती. कण्हतसुद्धा होती.

“हलत नाही बाई,” ती म्हणाली. “आज तर जास्तच बसलीय.”

नायडेन सावकाश सरळ झाला.

“सोड,” तो म्हणाला.

तिने सोडली. त्याने बोटांनी नाही, मनगटाने खुंटीला ढकललं. खुंटी भोकात डावीउजवीकडे खडखडली. रुसानाने ते पाहिलं, त्याने पाहिलं.

“पहिल्या दिवशीसुद्धा?” त्याने विचारलं.

“पहिल्या दिवशी चिमटीत धरली आणि आली.” ती स्टुलावर बसली. “तुझ्या हातून निघाली नव्हती. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी काय करणार होते?”

“खरं सांगायचं होतंस.”

“आणि मग? डॉक्टर म्हणाले होते, बोटांचं काही सांगता येत नाही. येतील, नाही येणार. ते ऐकून तू भिंतीकडे तोंड करून पडला असतास. भोकं घासत तरी होतास. उठत होतास, चिडत होतास, जेवत होतास. मला तेवढंच पुरे होतं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” नायडेन म्हणाला. “आणि तू रोज मला अंगण तासून दिलंस.”

तो बाहेर निघून गेला. अंगणात चालला, कुंपणापर्यंत, विहिरीपर्यंत, परत. त्याला राग आला होता आणि त्या रागाला कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. तिने आपल्याला मूल समजावं! उस्ता मिन्योंचा शिष्य, आणि बायको त्याच्यासमोर नाटकातल्या पहिलवानासारखी कण्हते. मग त्याच्या डोळ्यांसमोर ते लाल झालेलं तोंड आलं, तो बाकाला लावलेला पाय. दुखण्यातल्या माणसाची सेवा करणाऱ्या बायका पुष्कळ असतात. सैल खुंटीसाठी रोज घाम काढणारी त्याने दुसरी पाहिली नव्हती. त्याचा राग गेला नाही, पण त्याला आता त्या रागाचीही लाज वाटायला लागली. आणि त्या सगळ्याच्या तळाशी नुसती भीती होती, जी तो इतके दिवस पॉलिश पेपरने घासत बसला होता.

तो आत आला तेव्हा रुसाना स्टुलावरच बसून होती.

“अक्रोडाचा एक तुकडा आण,” तो म्हणाला. “आणि पाचर तूच मार.”

तिने खुंट्या लावल्या. सैल भोकांत त्या डगडगायला लागल्या, तेव्हा तिने काही न विचारता ॲप्रनची चिंधी फाडून त्यांना गुंडाळली आणि गच्च बसवल्या. नायडेनने पेन्सिलीने द्राक्षाचं एक पान काढलं. तेही थोडं वेडंवाकडंच आलं. मग त्याने गोल धारेची पटाशी मुठीत धरली, दुसऱ्या हातात मोगरी घेतली, आणि पानाची मधली शीर कोरायला लागला. पूर्वी ही शीर तो गप्पा मारता मारता कोरायचा. आता त्याच्या कपाळावर घाम आला. अर्ध्यावर पटाशी घसरली आणि पानाच्या बाहेर गेली.

“कशी आलीय?” त्याने मान वर न करता विचारलं.

रुसाना उठून जवळ आली. तिचं तोंड तेच जुनं, गोड होऊ लागलं, ते त्याला न बघताही कळलं. मग तिने श्वास सोडला.

“वाईट,” ती म्हणाली. “शीर तुटलीय. पान फाटल्यासारखं दिसतं.”

नायडेनला ते लागलं, चांगलंच लागलं. पण हिवाळ्यातल्या दुखण्यानंतर पहिल्यांदाच त्याला आपण कुठे उभे आहोत ते कळलं.

“सावांना सांगू, दार गेंचोला द्या.”

ती नको म्हणाली नाही. हो, असं म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. त्याचेही आले. पण दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं नाही.

मग त्याने बाजूला दुसरं पान काढलं आणि पुन्हा पटाशी लावली. मोगरीचे ठोके हळू पडत होते. रुसाना फळीवर वाकून, नाक लाकडाला लागेल इतक्या जवळून बघत होती.

“ही?”

“हीपण वाईट.”

“तेवढीच?”

तिने बोट आधी एका शिरेवरून फिरवलं, मग दुसरीवरून.

“नाही,” ती म्हणाली. “थोडी कमी वाईट.”

नायडेनने तिच्या तोंडाकडे नीट, बराच वेळ पाहिलं. ते लाल झालेलं नव्हतं. त्याने तिचं म्हणणं खरं मानलं आणि तिसरं पान काढायला घेतलं.