दोन हात कमी पडलेली तार

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत वायरिंग केलं. त्यामुळे कॅराव्हॅनच्या टपावर डिश बसवायला दुसऱ्या कुणाला बोलवायचं म्हणजे त्यांचा अपमानच! मी म्हटलं, "अहो, निघायच्या आधी एकदा लावून तर बघा." तर म्हणे, "टीव्हीच तो. त्यात काय बघायचंय?"

आणि आता मुक्कामाला पोचलो तर मोबाइलला रेंज नाही, चार वाजता लेकीची शर्यत आणि पडद्यावर 'सिग्नल नाही'.

वर्षापूर्वी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चालेल म्हणाले डॉक्टर, पळण्याचं काही सांगता येत नाही. त्यानंतर आज ती पहिल्यांदा आठशे मीटर पळणार होती. नंबर गेला उडत, गुडघा टिकतो की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

पावणेचार झाले. हे टपावर बसून डिश फिरवतायत.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"अहो, नाही म्हणते ना!"

माझं डोकं फिरलं. टीव्हीपासून तार चाचपत चाचपत गेले, तर फ्रिजच्या मागे काळ्या टेपचं हे एवढं गाठोडं! तार दोन हात कमी पडली, म्हणून साहेबांनी घरातल्या वायरीसारखी सोलून, पीळ देऊन जोडली होती.

"आणि तारेच्या आतली तांब्याची जाळी कुठाय?" मी खिडकीतून ओरडले.

"छाटली. वेष्टनच तर होतं."

"त्या जाळीशिवाय सिग्नल येत नाही, असं डिशसोबतच्या चोपडीत पहिल्याच पानावर छापलंय! उघडलीत तरी का?"

एरवी ह्यांनी तासभर वाद घातला असता. आज खाली येऊन जोड कापला, उरलेल्या तारेला जाळीसकट नवं टोक बसवलं, ती आता टपापर्यंत पुरेना म्हणून डिश खाली उतरवली आणि खिडकीबाहेर घडीच्या स्टुलावर ठेवली. स्टूल लागलं डुगडुगायला. मग काय, मीच डिश मागून घट्ट धरून उभी राहिले.

"आलं!" हे आतून ओरडले. "हलू नकोस!"

म्हणजे शर्यत बघणार हे, आणि मी बघणार आभाळ!

"अहो, काय चाललंय ते सांगा तरी!"

आतून नुसता टीव्हीचा गलका. माझे हात भरून आले, मनात नाही नाही ते येऊन गेलं. दोन मिनिटं सरता सरेनात.

हे दारात आले. डोळे डबडबलेले.

"पाचवी आली."

"अहो, गुडघा!"

"शेवटच्या वळणावर दोघींना मागे टाकलं तिने. आणि आता उड्या मारतेय वेडी."

डिश सोडून मी मटकन खाली बसले.

"अगं, डिश!"

"मरू दे ती डिश," मी रडत रडत म्हटलं. "उड्या कशा मारतेय, ते नीट सांगा."