मोठ्या बाईंचा खांदा

तिने गरम पाण्याच्या भांड्यातून तेलाची बाटली काढली आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर टाकून पाहिला. आपल्या लेकीच्या, ठकीच्या दुधाची बाटलीही ती अशीच पाहायची. तेल हवं तेवढं कोमट होतं. टेबलावर पालथ्या पडलेल्या मोठ्या बाईंची पाठ मात्र शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी ताठ होती.

"हात लावते हं," ती म्हणाली.

"लावा. त्यासाठीच आलेय," टेबलाच्या भोकातून आवाज आला.

टेबलाला डोक्याच्या बाजूला एक गोल भोक होतं, कडेने मऊ गादी लावलेलं. पालथं पडल्यावर तोंड त्यात ठेवायचं, म्हणजे मान वाकडी होत नाही आणि श्वासही मोकळा राहतो. टेबल घरात आलं त्या दिवशी सासूबाईंनी त्यातून वाकून पलीकडे पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "म्हणजे लोक तुझ्याकडे येऊन जमीन बघत पडणार? ती तर मी रोज बघते, केर काढताना."

पण याच सासूबाईंनी आपली पुढची खोली टेबलासाठी मोकळी करून दिली होती. मधोमध जाड पडदा लावून अलीकडे दोन खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. दारावरच्या पाटीवर काय लिहायचं यावर घरात दोन दिवस खल झाला. नवऱ्याला काहीतरी भारदस्त हवं होतं. सासूबाईंनी 'दुखणी पळतील' असं सुचवलं. शेवटी तिने स्वतःच ब्रश घेतला आणि लिहिलं : 'मालिश. मान, पाठ, खांदे. फक्त बायकांसाठी.' ओळ उजवीकडे जरा घसरली.

"पाटीचाच खांदा उतरलाय," नवरा म्हणाला. "आधी तिलाच टेबलावर घे."

पाटी तशीच राहिली. बायका येत होत्या, नाही असं नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण आली, तिची बहीण आली, भाजीवाली येऊन गेली. पण टेबल भरलेल्यापेक्षा रिकामंच जास्त असे. आणि तिकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉटेलात, तळघरातल्या मालिशच्या खोलीत तिची जुनी जागा अजून तिच्यासाठी राखलेली होती. तिथली मॅनेजरबाई भली होती. "महिनाअखेरपर्यंत थांबते," म्हणाली होती, "मग मात्र दुसरी मुलगी घ्यावी लागेल." हॉटेलात जायचं म्हणजे ठकी उठायच्या आत घर सोडायचं आणि ती झोपल्यावर परतायचं. बाळंतपणाच्या रजेनंतर महिनाभर तिने ते करून पाहिलं होतं. त्या महिन्यात ठकी पहिल्यांदा कुशीवर वळली, आणि ते तिला शिंपिणीकडून कळलं होतं.

म्हणून मोठ्या बाईंचा खांदा हा नुसता खांदा नव्हता.

मोठ्या बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत शिक्षिकांची काय कमी, आणि त्यातल्या एकीचीही मान धड नव्हती. पण मोठ्या बाईंनी पायरी चढल्याशिवाय शाळेतली कुणी चपलांच्या दुकानाचीसुद्धा पायरी चढत नाही, असं शिंपीण सांगायची. त्या आल्या होत्या हे खरं. आज तिसऱ्यांदा आल्या होत्या. पण उजवा खांदा पहिल्या दिवशी होता तसाच होता, आणि मागच्या खेपेला जाताना त्या म्हणाल्या होत्या, "अजून एकदा बघू."

शाळेतलं कुणीही असं म्हणालेल्या मोठ्या बाईंसमोर पुन्हा उभं राहायला धजलं नसतं.

"खांदा सैल सोडा हं, बाई."

"सोडलाय."

"अजून थोडा."

"याहून सोडला तर खाली पडेल."

तिने हसू आवरलं. अंगठ्याने ती पाठीच्या कण्याच्या कडेकडेने वर गेली, मानेपाशी थांबली, मग खांद्याच्या पात्याभोवती हळूहळू फिरली. तिथे ती गाठ होती. बोटाखाली यायची, जरा विचार करायची आणि पुन्हा होती तशी बसायची. वर्गात उशिरा येऊनही न लाजणाऱ्या मुलासारखी.

पडद्यापलीकडे संगीत चालू होतं. लाटांचा आवाज आणि मध्येच कुठेतरी लांब एखादी घंटा. येणाऱ्या बाईचं मन शांत व्हावं म्हणून तिने ते मुद्दाम निवडलं होतं. येणाऱ्या बायकांवर त्याचा किती परिणाम व्हायचा कोण जाणे, सासूबाईंवर मात्र रामबाण व्हायचा. दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला त्यांची मान कलायची आणि पाचवी लाट यायच्या आत घोरणं सुरू. त्यांच्याकडे काम होतं ठकीला सांभाळायचं. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती : पायाशी ठकीला बसवायचं आणि तिच्या फ्रॉकची कड मुठीत धरायची. डोळा लागला तरी मूठ सुटत नसे. ठकी ओढून ओढून दमायची आणि तिथेच खुळखुळा चघळत बसायची.

"माझी मूठ म्हणजे कुलूप आहे," सासूबाई म्हणायच्या. "तुझा नवरा असाच वाढलाय."

आज सकाळीच भांडी विसळता विसळता सासूबाईंनी विषय काढला होता.

"त्या मोठ्या बाई पडद्याआड जायच्या आधी ठकीकडे बघत किती वेळ उभ्या असतात, पाहिलंस?"

"शाळेच्या बाई आहेत, आई. मुलं बघायची सवयच त्यांना."

"सवयीने बघणारं माणूस असं बघत नाही."

"बघू देत. पण ठकीला आत सोडू नका हं. त्यांना आवाज खपत नाही. हिने एकदा भोकाड पसरलं की संपलंच सगळं."

"मी कशाला सोडू?" सासूबाई म्हणाल्या, आणि वाटी जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या.

आता तिने कोपराने गाठीवर अलगद भार दिला. पलीकडून घोरण्याचा आवाज येत होता. एक लाट, एक घोरणं. ठरल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. तेवढ्यात पडदा खालून हलला.

आधी एक तळहात आला. मग चार केसांचं, रबरबँड लावलेलं डोकं. ठकी उंबरा ओलांडावा तशी पडदा ओलांडून आत आली, बैठक मारून बसली आणि आईकडे पाहून खुशीत सगळे म्हणजे दोन दात दाखवले.

एक झेप आणि ठकी कडेवर, एवढंच अंतर होतं. पण हात बाईंच्या पाठीवर होते. आणि दोन्ही हात असे एकदम उचलायचे नसतात. मालिश शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : डोळे मिटून पडलेल्या माणसाला आपले हात म्हणजेच आपण. दोन्ही हात एकदम काढलेत, की त्याला वाटतं मला सोडून गेली. जायचंच असेल तर एक हात ठेवून जा. ठकीपर्यंत पोचायला तिला एक हात फार लांब करावा लागला असता.

तिने डोळे मोठे केले. ठकीला ते फारच आवडले. तिने ओठांवर बोट ठेवलं. ठकीने स्वतःचं बोट तोंडात घातलं. मग इकडचं आकर्षण संपल्यासारखं वळून ती रांगत थेट टेबलाखाली गेली.

आता तिला ठकीचे फक्त तळवे दिसत होते, टेबलाच्या पायापाशी, गुलाबी आणि जरा मळलेले. बाकीची ठकी बरोबर त्या भोकाखाली होती.

ती वाट पाहत राहिली. आता ओरडेल. कुणीतरी एकजण आता नक्की ओरडेल. हात मात्र सवयीने चालत होते. हॉटेलातल्या तळघराचा वास, लिफ्टचा आवाज, पहाटे दार लोटून घेताना लागणारी ठेच, हे सगळं तिच्या बोटांतून बाईंच्या पाठीवर उतरतंय की काय, असं तिला वाटायला लागलं.

मग बाईंची पाठ थरथरली.

अगदी बारीक. पुन्हा थरथरली. रागाने माणूस असं थरथरतं, हे तिला ठाऊक होतं. माफी मागायला ती तोंड उघडणार, एवढ्यात खालून एक अगदी हळू, दबक्या आवाजातला शब्द आला.

"भॉक."

ठकी खिदळली. ती खिदळायला लागली की आधी पोट हसायचं, मग आवाज यायचा. आवाज आला. आणि पुन्हा, यावेळी गाल फुगवून सोडल्यासारखा फुर्र असा काहीतरी आवाज करत, सबंध शाळा जिला पाहून कॉलर सारखी करायची ती बाई टेबलाच्या भोकातून म्हणाली, "भॉक."

पाठ हसत होती. हसू कमरेपासून निघून वर चढत होतं, बरगड्यांमधून फिरत होतं आणि उजव्या खांद्यापाशी जाऊन धडकत होतं. तिच्या अंगठ्याखाली ती गाठ एकदा हलली. दुसऱ्यांदा हलली. आणि मग कोमट भांड्याला टेकलेल्या लोण्यासारखी कडेकडेने सैल होत गेली.

मोठ्या बाईंचं बोलणं सगळं खाली चाललं होतं. तिने फक्त हाताची चाल धीमी केली आणि त्या हसण्याच्या मागोमाग आपला तळवा फिरवत राहिली. काही वेळाने ठकी दमली आणि आली तशी पडद्याखालून निघून गेली. पाठ निवांत झाली. इतकी निवांत, की टेबलावर खरंच कुणीतरी आडवं पडलंय असं आज पहिल्यांदा वाटलं.

आवरून मोठ्या बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा पुन्हा शाळेचा होता. फक्त कपाळावर आणि गालांवर भोकाच्या गादीचा गोल वळ उमटला होता. त्यांनी उजवा हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. फळ्याच्या अगदी वरच्या ओळीपर्यंत पोचेल एवढा.

"आज हात बरा लागला," त्या म्हणाल्या.

"हो, बाई," ती म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान तापायचे, तसे तापले.

दाराशी चपला घालताना बाई थांबल्या. खुर्चीत सासूबाई डोळे चोळत होत्या. ठकी त्यांच्या पायाशी खुळखुळा चघळत होती, जसं काही जन्मात तिथून हललीच नव्हती.

"पुढच्या आठवड्यात हीच वेळ ठेवा मला," मोठ्या बाई तिला म्हणाल्या, आणि ठकीकडे न बघता पुढे म्हणाल्या, "बाकी सगळंही आज होतं तसंच असू दे."

दार लागल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"डोळा लागला गं माझा. ही सुटली कशी, कोण जाणे. काही बिघडलं का?"

"काही नाही, आई."

"मग बरं," असं म्हणून त्या ठकीचं तोंड पुसायला लागल्या.

दोन दिवसांनी गणिताच्या बाई मान धरून आल्या. मग चित्रकलेच्या आल्या, मग खेळाच्या बाई, कंबर लचकलेली असूनही जिन्यातून धावत. "मोठ्या बाईंनी सांगितलंय," जी ती आत येताच म्हणायची, जणू गृहपाठच करायला आली होती. महिनाअखेरीच्या पुष्कळ आधी तिने हॉटेलात फोन केला. मॅनेजरबाईला वाईट वाटलं, पण फोन ठेवता ठेवता तिने पत्ता विचारून घेतला. तिचाही खांदा धरला होता.

पुढच्या आठवड्यातला तो दिवस आला. मोठ्या बाई आल्या, ठकीसमोर नेहमीसारख्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आत जाऊन पालथ्या पडल्या. तिने तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवली. मग बाहेर येऊन, आपलं काहीच ठरलेलं नसल्यासारखं, लाटांचा आवाज जरा वाढवला. पडद्याची खालची कड एका खिळ्याला जराशी वर अडकवली. सासूबाईंच्या पाठीशी उशी सरकवली.

"उशी कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"टेका जरा. सकाळपासून उभ्या आहात."

"तू म्हणतेस तर टेकते."

ती आत गेली. मनगटावर थेंब टाकून पाहिला, हात चोळून गरम केले, एक हात बाईंच्या पाठीवर ठेवला. मान जराशी वाकवली की अडकवलेल्या कडेखालून पलीकडचं दिसत होतं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, घोरणंही सुरू झालं होतं. ठकी पुढे झुकून जोर लावत होती आणि फ्रॉकची कड मुठीत ताणली गेली होती.

एक लाट आली. एक घोरणं.

आणि घोरण्याची लय जराही न मोडता सासूबाईंनी एकेक करत बोटं उघडली.