खूणकाकांची तोंडी परीक्षा

बसडेपोतल्या हरवलं-सापडलं खिडकीवरच्या कारकुनाला सगळे खूणकाका म्हणत, आणि म्हणणारच की! विसरलेली वस्तू न्यायला कोणी आलं आणि काकांनी ती लगेच काढून दिली, असं घडेल तर शपथ. रंग सांगा, आकार सांगा, सगळं ठीक. पण काकांनी वस्तूला लावलेल्या चिठ्ठीवर मुद्दाम न लिहिलेली एक खूण मालकाने स्वतः सांगायची. ती जुळली की "खूण पटली" म्हणत ते वस्तू हातात ठेवत आणि समोरचा चेहरा खुलताना बघत बसत. एकवीस वर्षं त्या चेहऱ्यांमुळेच तर नोकरी गोड लागली होती.

हल्ली परभाषेचे प्रवासी वाढले, तसा साहेबांनी फतवा काढला: इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हा, नाहीतर टायरच्या गोदामात जा. टायर काय हसणार, डोंबल!

घरी सून इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. तिने कांदा चिरता चिरता सासऱ्यांना विशेषणांचे प्रकार शिकवायला घेतले.

"बाबा, ओल्ड, ब्लॅक ही गुण सांगणारी. टू, थ्री संख्या सांगणारी. धिस, दॅट बोट दाखवणारी. माय, युअर मालकी सांगणारी. एकही प्रकार सोडायचा नाही."

"अगं, मालकीवरूनच तर खिडकीवर भांडणं होतात!"

"हसण्यावारी नेऊ नका. गोदामात मी डबा पाठवणार नाही."

महिनाभर घरात 'धिस ओल्ड चमचा' आणि 'माय हॉट चहा' यांनी नुसता उच्छाद मांडला.

परीक्षा घ्यायला आलेल्या बाई भलत्याच करड्या होत्या. आपली छत्री टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हिचं इंग्रजीत पूर्ण वर्णन करा."

काकांनी छत्री उघडली, आतून न्याहाळली, मिटली आणि सुटले. "धिस इज युअर अंब्रेला. वन लाँग, ब्लॅक, ओल्ड अंब्रेला." संख्या आली, गुण आले, मालकी आली. बाई मान डोलावू लागल्या आणि काकांनी छत्री परत टेबलावर ठेवून दिली.

"पूर्ण म्हटलं होतं मी. आत एवढं वाकून काय बघत होतात? ते कुठे सांगितलंत?"

"ते नाही सांगायचं, बाई," काका सवयीने बोलून गेले. "सगळं सांगितलं तर कोणीही येऊन घेऊन जाईल. ती खूण मालकाने सांगायची. सांगा, आत काय आहे?"

"आत काय असणार?" बाईंनी फणकाऱ्याने छत्री उघडली. आतली एक काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली होती. बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी मूठ उलटसुलट करून पाहिली. "अगं बाई! ही माझी छत्रीच नाही. परवा बसमध्ये बदलली वाटतं." आणि "निकाल उद्या" एवढंच बोलून त्या तरातरा निघून गेल्या.

"मेलो!" काका घरी येऊन म्हणाले. "परीक्षा घेणाऱ्या बाईंनाच चोर ठरवून आलो." सुनेने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी बाई खिडकीवर हजर. ती छत्री त्यांनी जमा केली आणि स्वतःच्या छत्रीचं वर्णन स्वच्छ इंग्रजीत केलं. काकांना शब्द न् शब्द कळला. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"व्हेरी गुड, मॅडम. वन मोअर?"

बाईंनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना, ते पाहिलं आणि खिडकीत वाकून हळूच आपल्या भाषेत म्हणाल्या, "मुठीवर दातांचे वण आहेत. माझ्या बाबांची छत्री आहे ती. लहानपणी मी चावायचे."

परवा कंडक्टरने बसमधून आणून दिलेली छत्री काकांनी फळीवरून काढली. लाकडी मुठीवर बारीक बारीक वण होते. बाईंनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले, तरी त्या हसत होत्या.

"खूण पटली," काका म्हणाले. असा चेहरा त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. आता गोदामात गेलो तरी हरकत नाही, असं त्यांना खरंच वाटून गेलं.

बाईंनी डोळे पुसले, पर्समधून निकालाचा कागद काढला आणि काकांचंच पेन मागून घेतलं. गुणांची जागा अजून कोरीच होती. तिथे आकडा लिहून त्यांनी कागद आत सरकवला.

"वर्णन अपूर्ण ठेवलंत म्हणून दोन मार्क कापलेत," त्या परत करड्या आवाजात म्हणाल्या. "बाकी खूण पटली."