चारशे लाल खुणा

लॉण्ड्रीत आई इस्पितळाच्या चादरी रोलरमध्ये सरकवायची आणि समोरच्या खांबाला चिमट्याने टांगलेल्या कागदांवरून मला प्रश्न विचारायची. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ. ती अर्थ वाचायची, मी चादरींच्या घड्या घालत इंग्रजी सांगायचे आणि ती लाल पेन्सिलीने खूण करायची. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

मग मी ठोकून द्यायला लागले. आधी एखाददुसरं, पुढे सर्रास. काय करणार? या भाषेत मेलेला माणूस बादलीला लाथ मारतो आणि ज्याचे पाय गार पडतात तो ऐन वेळी लग्न मोडतो. हे कुणाच्या डोक्यात बसावं? प्रवेश परीक्षेत याच भागाने मला दोनदा तोंडघशी पाडलं होतं. ही तिसरी खेप आणि शेवटची, कारण पुढच्या वर्षी माझं वय उलटत होतं. कॉलेज हुकलं तर हा रोलर माझ्याच नशिबी होता.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आईने शेवटची खूण केली.

"झाले गं चारशे," ती म्हणाली. "मी मुकादमांना सांगून टाकलंय, महिनाअखेरीला सोडते म्हणून. डॉक्टर कधीचे ओरडतायत, खांदा कामातून गेलाय. तू मार्गी लागलीस की मला कशाला हवंय हे?"

माझ्या हातातली चादर खाली पडली.

"आई, मला येत नाहीत. निम्मेसुद्धा नाही. मी तुला फसवलं." स्वतःची इतकी किळस मला कधीच वाटली नव्हती.

आईने रोलर बंद केला. "माहितीये," ती म्हणाली. "येत असलं की तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. नसलं की मशीनच्या वर आवाज काढतेस."

तिने कागद काढून माझ्या हातात दिले. कितीतरी खुणांशेजारी बारीक टिंब होतं. ती पेन्सिल टेकवायची तिची खोड असेल, असं मला वाटायचं. मी टिंबं मोजली. दोनशे तेरा.

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. मग मलाच भीती वाटायला लागली. तू खरं बोलली असतीस तर माझं सोडायचं राहिलं असतं." ती खांदा चोळत खाली बसली. "आता मागे फिरता येत नाही. माझ्या जागी दुसरी बाई ठरलीये."

परीक्षा सकाळी नऊला होती. आईने कागद माझ्या हातातून परत घेतले आणि टिंब असलेला पहिला अर्थ वाचला, "गुपित चुकून फोडणे."

सवयीने माझा आवाज चढायला लागला होता. मी तो गिळला.

"नाही येत," मी म्हणाले.

आईने मान हलवली आणि पुढचा वाचला. तोही येत नव्हता.