हात लावू नये

दिपेशचा सत्कार आहे हे मला काळुरामकाकांनी सांगितलं. कोपरीत त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आणि कॅसेट घालून खेळायचा तो जुना व्हिडिओगेम अख्ख्या ठाण्यात बहुधा त्यांच्याकडेच चालू स्थितीत उरलाय.

"मला मशीन घेऊन स्टेजवर बोलावलंय," ते म्हणाले. "कार्डावर छापलंय, स्वदेशी एमुलेटरचे निर्माते दिपेश. ते तर तू केलेलंस ना गं, संचिता?"

केलं होतं. चार वर्षं, ऑफिस सांभाळून, ठाकुर्लीच्या घरी. एमुलेटर म्हणजे त्या मशीनची कॉम्प्युटरवर हुबेहूब नक्कल; उद्या मशीन मेलं तरी गेम जगतील. कोड मी सगळ्यांना खुला ठेवला. घ्या, बदला, हवं तर विका. अट एकच, 'माहिती'च्या खिडकीतली नावं काढायची नाहीत. नावं दोनच होती. एक माझं, दुसरं आठ शनिवार मशीन उघडून माझ्यापुढे ठेवणाऱ्या काळुरामकाकांचं. दिपेश म्हणजे माझ्या जुन्या ऑफिसातला दीडशहाणा. त्याने नेमकी तीच काढली आणि स्वतःचं टाकलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर नाग निदान बिळावर स्वतःच्या नावाची पाटी लावत नाही.

सत्काराच्या दिवशी सकाळी माझ्या प्रकल्पाच्या पानावर एका निनावी माणसाची तक्रार आली. मोटारींच्या शर्यतीचा गेम तिसऱ्या फेरीत अडकतो, चारच्या आत दुरुस्त करा. कृपया वगैरे काही नाही. सोबत पुरावा म्हणून जोडलेल्या फाईलमध्ये दर ओळीला फोल्डरचं नाव होतं: दिपेश, सत्कार, फायनल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चोरलेली वस्तू बिघडली म्हणून हा मालकाकडेच दुरुस्तीला घेऊन आला होता.

काय झालंय ते मला लगेच कळलं. त्या मूळ मशीनमधली एक चिप मधूनच एक आकडा चुकीचा वाचते. आवाज खरखरतो. पण तो गेम लिहिणारे त्या चुकीच्या आकड्यावरच विसंबून होते. तो आला नाही तर गेम त्याची वाट बघत बसतो. ती चूक जशीच्या तशी पकडायलाच मला ते आठ शनिवार लागले. कोडमध्ये मी वर लिहूनही ठेवलंय, 'ही चूक मशीनची आहे, हात लावू नये.' दिपेशला वाटलं, चूक माझी आहे, आपण सुधारू. नक्कल करायची अक्कल नाही, आणि निघाला सुधारणा करायला.

तरी मी उत्तर सरळ दिलं. "मशीनची चूक तुम्ही काढलीत, ती परत घाला. त्याच फाईलमध्ये वर नावं होती, तीही." दहा मिनिटांत त्याने तक्रार बंद केली. शेरा मारला, 'उपयोग नाही'.

मी ठाण्याला गेले आणि हॉलमध्ये चौथ्या रांगेत बसले. त्याची फजिती बघायलाच गेले होते, उगाच खोटं कशाला बोलू. शाल झाली, श्रीफळ झालं, 'ठाण्याचा सुपुत्र' तीनदा म्हणून झालं. मग मोठ्या पडद्यावर गेम सुरू झाला. तिसऱ्या फेरीत सगळ्या मोटारी जागच्या जागी थांबल्या. दिपेश बटणं दाबत सुटला, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शर्यत संपली. मग सगळ्या हॉलने वाजवल्या. दिपेशने वाकून नमस्कार केला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फजिती झाली होती, आणि ती कळणारी त्या हॉलमध्ये मी एकटीच होते.

पण एकटी नव्हते. काळुरामकाका उठले, शोभेला मांडलेलं आपलं मशीन त्यांनी शेजारच्या टीव्हीवर चालू केलं आणि उभ्या उभ्याच तोच गेम खेळायला लागले. तिसऱ्या फेरीत मशीन खरखरलं आणि मोटारी पुढे गेल्या.

"इथे ते खरखरतं, थांबत नाही," ते माइकशिवायच म्हणाले. "आमच्या संचिताचं पण असंच खरखरतं. तू काय केलंस रे ह्याला?"

अध्यक्षांनी वेळेअभावी आभारप्रदर्शन उरकायला सांगितलं.

दोन दिवसांनी दिपेशने सुधारलेली आवृत्ती काढली. दुपारी काकांचा फोन आला.

"दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकून बघितलं. आता जातं पुढे, बरोबर खरखरतं." मग म्हणाले, "अगं, माहिती उघडली तर तुझं नाव आहे. खाली माझं, कोपरीसकट. त्याचं कुठेच नाही."

त्याने घाईघाईत माझी अख्खी फाईल पुन्हा उचलली होती आणि या खेपेला एक ओळही वाचली नव्हती. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

"त्याला सांगू का?" काकांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "हात लावू नये असं लिहिलंय त्यात."